हलीबाच्या पाण्याची कॉफी

उम्म-सिद्र, ९ रजब १३५५

मतर,

सलाम. तुझी तब्येत कशी आहे, हे मी विचारणार नाही. गानिम नाखव्याकडून सगळं कळलंय. बसऱ्याच्या बंदरावर खजुराच्या पेट्या भरून घेणारा मुकादम झालास, दोन्ही वेळ मासळी-भात हाणतोस आणि अंगानेही भरलास म्हणे. छान. आम्ही इथे काळजीने वाळायचं आणि तू तिथे फुगायचं.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. सुरूरने लिहायला सांगितलेलं नाही. त्याला याचा पत्ताही नाही. तो तुझं नावसुद्धा काढत नाही. परवा तुझ्या सांडणीच्या पायात काटा गेला, तर स्वतः वाळूत फतकल मारून काढत बसला होता. मी म्हटलं, "शेखसाहेब, एवढा पुळका?" तर म्हणतो, "भांडण भावाशी आहे. जनावराने माझं काय घोडं मारलंय?"

तू गेलास त्या सकाळची गोष्ट गावात आता दहा तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं तू खंजीर उपसलास, कुणी म्हणतं सुरूरने. मी झावळ्यांच्या पडद्याआड बसले होते, सगळं पाहिलंय. खंजीर कुणीच उपसला नाही. कंपनीचा तो पेलिंग साहेब नकाशा पसरून बसला होता. किनाऱ्यापासून पार वाळवंटापर्यंत जमिनीखाली जे तेल निघेल ते पंच्याहत्तर वर्षं आमचं, आणि त्यासाठी लागेल ती वाट, लागेल ते पाणीही आमचं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या रेघेच्या आत आपली हलीबा येत होती. तू म्हणालास, "हलीबा आईच्या माहेरची विहीर आहे. मामांनी तिचं पाणी आपल्याला विश्वासाने दिलं. ती तुझी कधी झाली, विकायला?" सुरूर म्हणाला, "विकत नाही, बोलणी करतोय." आणि तू म्हणालास, "तू शेख नाहीस, दुकानदार आहेस." भर मजलिशीत, परक्या माणसासमोर, थोरल्या भावाला! त्यावर तो म्हणाला, "मग दुकानातलं पाणी फुकट कशाला पितोस?" तू कॉफीचा पेला सतरंजीवर उपडा ठेवलास, उठलास आणि थेट गानिमच्या गलबतावर जाऊन बसलास. निरोपसुद्धा घेतला नाहीस माझा.

तो पेला मी तसाच उचलून कोनाड्यात उपडा ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. हलीबा गेली तर आपलं काय उरतं, हे मलाही कळतं. इथल्या किनाऱ्यावरच्या विहिरींचं मचूळ पाणी प्यायलास की तुझं तोंड कसं व्हायचं ते आठवतंय ना? पण सुरूरचंही ऐक. यंदाही गलबतं मोत्यांच्या फेरीवरून परतली ती रडतच. आपल्या मोत्यांना कुत्रं विचारत नाही. जपान्यांनी कसलीशी युक्ती काढून शिंपल्यांकडून हवे तेवढे मोती करून घेतलेत. आपले पाणबुडे सगळा उन्हाळा छाती फुटेस्तोवर खाली जातात आणि परत येऊन सुरूरच्या दारात बसतात, तांदूळ दे म्हणून. तो कुठून देणार? पेलिंगला हाकलून दे म्हणायला तुला सोपं गेलं, कारण तुझ्या दारात कुणी बसत नव्हतं. झोंबलं? झोंबू दे.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

तुम्हा दोघांची थोरली,
कुमाशा

उम्म-सिद्र, १४ शाबान १३५५

मतर,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही त्याच आईची मुलगी आहे, थकायची नाही.

पेलिंगने आपल्या खजुराच्या बागेबाहेर तंबू ठोकलाय. उन्हाने त्याच्या नाकाची सालं निघतात आणि तरी टोपी घालायला विसरतो. माणूस वाईट नाही, पण ऐकत नाही. बोलायला लागला की समोरचा तोंड उघडतोय, हे त्याला दिसतच नाही. त्याच्याबरोबर दुभाषा आहे, बुशहरचा मिर्झा काझिम. शांत, झुकून चालणारा माणूस. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, इथे तिचं ओळखीचं कुणी नाही, म्हणून माझ्याकडे येऊन बसते. आपल्या शेळ्यांचं तूप तिला फार आवडतं. बाकी तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आणि समुद्रात इंग्रज सरकारची तोफांची बोट येऊन उभी राहिलीय. दोस्तीची भेट आहे म्हणतात. दोस्ताने तोफांची तोंडं आपल्या घराकडे का केलीत, ते मात्र कुणी सांगत नाही.

आता खरी गोष्ट. परवा हादिफ मामा आले. मागे त्यांच्या टोळीचे उंटस्वार. मी पडद्याआडून पाहिलं तर मामांची दाढी पार पांढरी झालीय रे! सुरूरने कुणाला कॉफीच्या दल्लीला हात लावू दिला नाही, स्वतः उभं राहून मामांना कॉफी ओतली. आणि मामांनी पेला घेतला, समोर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

सख्ख्या मामाने भाच्यापुढे मागणं घेऊन आल्यासारखा पेला ठेवावा! आता सुरूरने 'काय हवं' विचारलं नाही तर घराची अब्रू गेली, आणि विचारून नाही म्हणाला तर मामा तसेच उठणार आणि पुन्हा या दारात त्यांचं पाऊल पडणार नाही. ते गेले की त्यांची सगळी टोळी शेजारच्या शेखकडे. मग वाळवंटही गेलं आणि पाणीही.

सुरूर म्हणाला, "मामा, कॉफी घ्या. मनात जे असेल ते झालं समजा."

मामा म्हणाले, "हलीबा त्या रेघेच्या बाहेर."

सुरूरने डोळे मिटले. मग म्हणाला, "झालं समजा."

मामांनी पेला उचलून रिकामा केला. जाताना सुरूरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी आई तिथे पुरलीय. तिच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी धरून ठेवलीय. मरायला मला साहेबाची परवानगी काढायला लावू नकोस, पोरा." मी पडद्यामागे ढसाढसा रडले, आता लपवून काय करू.

झालं, शब्द तर देऊन बसला. दुसऱ्या दिवशी पेलिंगकडे गेला, म्हणाला, रेघ सरकव. पेलिंगने नकाशावर बोट ठेवलं. "इथे तर काहीच नाही. कोरी जागा आहे." सुरूर म्हणाला, "विहीर खाली असते. वरून कशी दिसेल?" पेलिंग हसला आणि म्हणाला, रेघ विलायतेतल्या मोठ्या साहेबांनी आखलीय, माझ्या हातात नाही. ईद झाली की बोटीवर या, कागदावर शिक्का करा. नाहीतर आम्ही शेजारच्या शेखशी बोलू.

संध्याकाळी सुरूर माझ्या अंगणात येऊन बसला. म्हणाला, "मामाने मला बांधलं, तसं मी पेलिंगला बांधतो. मीही पेला ठेवीन."

मी म्हटलं, "ते इंग्रज आहेत."

"मग? माणसंच आहेत ना? कॉफी पितात ना?"

"त्यांच्यात ही रीत असेल कशावरून?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी विचारलं की त्यांच्यात मेलेल्याला पुरतात कशावरून. म्हणाला, "पाहुण्याने पेला का ठेवलाय, एवढं न कळणारा माणूस जगात असतो का, कुमाशा?" मी काय करता येईल ते बघते. तू दुआ कर. तेवढं तरी कर.

कुमाशा

उम्म-सिद्र, ११ शव्वाल १३५५

मतर,

आधी शेवट सांगून टाकते, नाहीतर तू मधेच चिडून कागद फाडशील. हलीबा वाचली! माझा जीव भांड्यात पडला. आता नीट बसून वाच.

मी बोटीवर नव्हते, पण आपला म्हातारा बखीत सुरूरच्या मागे बंदूक घेऊन उभा होता, आणि बखीतला तू ओळखतोसच, एक गोष्ट तो सात वेळा सांगतो आणि सातही वेळा तीच सांगतो. तेव्हा हे खरं धर.

सुरूरने आईच्या हातची जुनी काळी अबा अंगावर घेतली होती. बोटीवर मेज मांडलेलं, खुर्च्या, कागद, दौत. तोफांच्या बोटीचा कप्तान एका बाजूला, पेलिंग समोर, मिर्झा मधे उभा. साहेबाच्या नोकराने कॉफी आणली. कॉफी म्हणजे नावाला, वाडग्याएवढा पेला आणि त्यात दूध-साखर. सुरूरने पेला घेतला, मेजावर ठेवला आणि मांडीवर हात ठेवून बसला.

पेलिंग बोलत राहिला.

सुरूर वाट बघतोय, आता विचारतील, मग विचारतील. पेलिंगने कलमं वाचून दाखवली, मिर्झाने ती आपल्या भाषेत सांगितली, कॉफीवर साय धरली. कुणी विचारलं नाही. बखीत म्हणतो, "ताप भरल्यासारखे माझे कान तापले, ताईसाहेब. आपला शेख मागणं घेऊन बसलाय आणि हे लोक वाऱ्यापावसाचं बोलतायत!" मग पेलिंगचं लक्ष गेलं. त्याला वाटलं कॉफी गार झाली म्हणून घेत नाहीत. हाक मारून दुसरा पेला आणवला. सुरूरने तोही घेतला आणि पहिल्याशेजारी ठेवला. थोड्या वेळाने तिसरा आला. तोही रांगेत. तीन पेले समोर मांडून आपला भाऊ बसलाय, घामाने निथळतोय, आणि तोंडातून शब्द काढत नाही. कारण मागणाऱ्याने आपणहून बोलायचं नसतं, विचारल्यावर बोलायचं असतं.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू? आपल्याच विहिरीसाठी आपल्या शेखने परक्याच्या दारात याचक होऊन बसावं. हे ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो बसला, मतर. ज्याला तू दुकानदार म्हणालास तो बसला.

शेवटी कप्तान पेलिंगच्या कानाशी लागला. पेलिंगचं तोंड आधीच लाल, ते आणखी लाल झालं. त्याने मिर्झाला विचारलं, "यांना वाटतंय का आम्ही यात विष घातलंय?" मिर्झाने खांदे उडवले. एवढंच. एक शब्द बोलला नाही. मग पेलिंग उठला, सुरूरच्या समोरचा पहिला पेला उचलला, तो सायीचा, थंडगार, आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पिऊन टाकला. वर पालथा करून दाखवला, एक थेंब उरला नाही!

याचकाचा पेला त्याच्या देखत जो पितो, तो त्याचं मागणं अंगावर घेतो. आपल्याकडे शेंबड्या पोराला विचार. बखीत ओरडला, "दिलं! अल्ला तुझं भलं करो, दिलं!" सगळे उठून उभे राहिले, पेलिंगच्या खांद्यांचे मुके घ्यायला लागले, आणि आनंदाच्या भरात बखीतने बंदूक आभाळाकडे करून बार काढला. सरकारच्या बोटीवर! खलाशी धावत आले, कप्तान मेजाखाली की मेजावर, काही विचारू नकोस. सुरूरने बखीतच्या हातातली बंदूक काढून कप्तानाच्या पायाशी ठेवली तेव्हा कुठे सगळे जागेवर बसले.

पेलिंग मिर्झाला म्हणाला, "काय चाललंय हे? मी काय दिलं?"

तेव्हा मिर्झाने झुकून, अगदी शांतपणे, सगळी रीत पहिल्यापासून समजावली. म्हणाला, "साहेब, आता तुम्ही नाही म्हणालात तर या किनाऱ्यावर तुम्हाला कुणी पाणी विचारणार नाही."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला फक्त विषाचं विचारलंत, साहेब."

पेलिंग हसायला लागला. आधी थोडंसं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कप्तान काहीतरी पुटपुटला, तर पेलिंगने त्याला हाताने गप्प केलं. शेजारच्या शेखकडे दुसऱ्या कंपनीचे लोक येऊन बसलेत, आणि याला आजच शिक्का हवा होता, हे मला मागाहून कळलं. कुणाकडून ते सोड. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि सुरूरला विचारलं, "किती?"

सुरूर म्हणाला, "तहानेल्या उंटाला जिथून पाण्याचा वास येतो तिथवर."

"म्हणजे किती मैल?"

"वारा कुठला आहे त्यावर."

शेवटी सुरूरने नकाशावर मूठ ठेवली आणि पेलिंगने मुठीभोवती पेन्सिल फिरवली. कोऱ्या जागेवर लाल कडं, आत हलीबा, आई, मामांची जागा, सगळं. हे कडं बाहेर, असं कागदावर दोन्ही भाषांत लिहिलं गेलं, कप्तानाची सही साक्षीला. मग सुरूरने अंगठीचा शिक्का केला. बाकीची जमीन गेली पंच्याहत्तर वर्षांसाठी, ते मी विसरलेले नाही. पण पाणबुड्यांच्या घरात आता तांदूळ येईल, आणि विहीर आपली राहिली.

मिर्झाला मुलगा झालाय. बाळंतिणीला तूप मीच पोचवते. मिर्झा का गप्प बसला, हे मला विचारू नकोस.

सुरूर परत आला तो गुडघाभर पाण्यातून चालत, मचव्याचीही वाट पाहिली नाही. माझ्या अंगणात भिंतीला टेकून बसला. फक्त म्हणाला, "गानिमचं गलबत बसऱ्याला कधी निघतंय?"

कुमाशा

उम्म-सिद्र, २० जिल्काद १३५५

मतर,

अरे माणसा! विहीर वाचली हे कळल्यावर तरी एक ओळ लिहायची. गानिम सांगतो, तू पत्र वाचलंस, घडी केलीस, खिशात ठेवलीस आणि पेट्या मोजायला निघून गेलास. म्हणजे विहिरीचं भांडण मिटलं आणि 'दुकानातलं फुकटचं पाणी' राहिलं. तो शब्द तुला लागलाय, हे मला कळतं. लागण्यासारखाच होता.

आता इथे काय आरंभलंय ते ऐक. तुझ्या त्या भावाने गेला चंद्र दिसला तेव्हापासून कॉफी सोडलीय. सोडलीय म्हणजे, रोज सकाळी मजलिस भरली की पहिला पेला स्वतः ओततो, तू बसायचास त्या जागेसमोर जाऊन बसतो, पेला मधे ठेवतो आणि पीत नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी बखीतला कळलं आणि दुपारपर्यंत गावाला.

मी तरातरा गेले. म्हटलं, "हे काय? मतर बसऱ्यात, तू रिकाम्या जागेपुढे मागणं मांडून बसलायस, त्याला दिसणार कसं?"

तो म्हणाला, "परक्याच्या बोटीवर तीन पेले मांडून बसलो, कुमाशा. सख्ख्या भावासमोर एक मांडायला कसली लाज?"

"मग त्याला निरोप पाठव, ये म्हणून."

"हुकूम नाही करायचा. मागायचं आहे."

पण परिणाम बघ ना! शेख पीत नाही म्हणून मजलिशीत कुणालाच पिता येत नाही. म्हातारे येतात, बसतात, दल्ली उकळते, वेलदोड्याचा वास सुटतो आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत कोरडे उठून जातात. सुरूरचं डोकं सकाळपासून ठणकतं, आणि तो सगळ्यांवर खेकसतो. काल काझीने एका निकालात दोन्ही बाजूंना झापून घरी पाठवलं. मी बाजारात गेले की बायका हात धरतात, "ताईसाहेब, तुमच्या धाकट्याला लिहा हो, आमचे नवरे घरी भांडी आपटतात!" पेलिंगसुद्धा परवा मजलिशीत आला, रिकाम्या जागेसमोरचा पेला पाहिला आणि मिर्झाला घाबरून विचारलं म्हणे, "या वेळी कुणी प्यायचा आहे?"

म्हणून आता मी ठरवलंय. हे पत्र घेऊन येणाऱ्या गानिमजवळ आपली छोटी दल्ली दिलीय, भाजलेल्या बिया दिल्यात, वेलदोडे दिलेत आणि हलीबाच्या पाण्याची एक पखाल दिलीय. बसऱ्याला नदीचं पाणी मुबलक असेल, पण ही कॉफी आपल्याच पाण्याची हवी. तो तुझ्यासमोर कॉफी करील आणि सुरूरच्या नावाने एक पेला मधे ठेवील. पुढे तुझं तू बघ. उपडा ठेवायचा असेल तर उपडा ठेव, गानिम तसं येऊन सांगेल. आम्ही ऐकून घेऊ.

आणि आता एक सांगूनच टाकते. पहिल्या पत्राला लागणारी शाई सुरूरनेच आणून दिली होती. प्रत्येक पत्र लिहून झालं की तो विचारतो, "सांडणीचं लिहिलंस का?" लिहिते रे बाबा. सांडणी बरी आहे, तिला पिल्लू होणार आहे.

कुमाशा

उम्म-सिद्र, ६ जिल्हज १३५५

मतर,

गानिम काल आला. धक्क्यावर अर्धं गाव. उतरायच्या आधीच लोक ओरडून विचारतायत, "प्यायला का? प्यायला का?" आणि त्या हरामखोराने तोंडातून चकार शब्द काढला नाही! म्हणाला, "शेखच्या मजलिशीत सांगेन." मिशीत हसत होता, तेवढ्यावर मी जीव धरून ठेवला.

मजलिशीत बसला, आणि मी पडद्याआड, बोटं झावळ्यांत रुतवून. त्याने सांगितलं तसं तुला लिहिते, खोटं असेल तर येऊन मला सांग.

म्हणे, तुझ्या गोदामात, खजुराच्या पेट्यांच्या मधे, त्याने चूल मांडली. तू कमरेवर हात ठेवून बघत होतास. म्हणालास, "हे काय नाटक आणलंयस, गानिम?"

गानिम म्हणाला, "नाटक नाही, शेखची कॉफी आहे."

"पाणी कुठलं?"

"हलीबाचं."

मग त्याने पेला भरून मधे ठेवला आणि म्हणाला, "सुरूरकडून." तू बसलास. पेल्याकडे बघत बसलास. तुझे हमाल आले, हाका मारून थकले, गेले. तू म्हणालास, "तो मला भर मजलिशीत पाण्यावरून बोलला." गानिम काही बोलला नाही, कारण तो तिथे गानिम नव्हता, सुरूरचा निरोप्या होता, आणि मागणाऱ्याने बोलायचं नसतं. मग तू म्हणालास, "मीही बोललो." मग म्हणालास, "थंड झाली असेल."

गानिम म्हणाला, "गरम करून देतो."

"राहू दे," म्हणालास, आणि उचलून प्यायलास.

मजलिशीत कुणीतरी हुंदका दिला. मी नव्हते ती. पुरुष होता.

गानिम पुढे सांगतो की तू पेला हलवून परत करशील असं त्याला वाटलं होतं, एक झाला, पुरे. पण तू पेला न हलवता तसाच पुढे धरलास. त्याने दुसरा ओतला. तोही प्यायलास. पुन्हा पुढे धरलास. तिसरा ओतला, तो प्यायलास, मग हलवलास. आणि रिकाम्या पखालीचं तोंड उघडून, आत थेंब राहिलाय का ते बघितलंस. हे ऐकताना मी तोंडात पदर कोंबला.

सुरूर उठला. सगळ्यांना वाटलं बाहेर जातोय, डोळे लपवायला. पण तो पडद्याच्या बाजूला आला, कोनाड्याशी. तुझा पेला तिथे उपडाच होता, धूळ बसलेली. मी कुणाला हात लावू दिला नव्हता, पण त्याला कसं अडवणार? त्याने पेला उचलला, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने आतून-बाहेरून पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि सुलटा ठेवला. म्हणाला, "हा मतरचा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

मग जागेवर जाऊन बसला आणि दल्ली मागितली. त्याने एक घोट घेतला, मग सगळ्या मजलिशीने. दुपार झाली तरी लोक पीतच होते, काझीसुद्धा.

गानिमचं गलबत आठवडाभरात पुन्हा तिकडे येतंय. त्याच्याबरोबर ये. पेट्या मोजायला तिथे दुसरा कुणी मिळेल. हादिफ मामांना निरोप गेलाय, तू आलास की तुम्ही दोघे भाऊ आधी हलीबावर जा, आईजवळ थोडा वेळ बसा, आणि येताना पखाली भरून आणा. घरातलं पाणी संपत आलंय.

कुमाशा